डोळे नसलेला चित्रकार

एक खेळ सांगतो. खेळायला दोघे पुरेत. एकाने कागद-पेन्सिल घेऊन बसायचे आणि दुसऱ्याने रुमालाने त्याचे डोळे घट्ट बांधायचे. मग डोळे उघडे असणाऱ्याने डोळे बांधलेल्याकडून माणसाचे चित्र काढून घ्यायचे. अट एकच. 'डोके', 'हात', 'पाय' असले शब्द तोंडातून काढायचे नाहीत. 'वर जा', 'थांब', 'डावीकडे वळ', 'गोल फिरून जिथून निघालास तिथे ये' एवढेच बोलायचे.

आमच्या घरी दिवाळीच्या सुटीत हा प्रयोग झाला. सांगणारा मी, काढणारा भाचा. दहा मिनिटांनी रुमाल सोडला तेव्हा कागदाकडे बघून भाची म्हणाली, "मामा, हा माणूस नाही, मोड आलेला बटाटा आहे!" सगळे भाच्याला हसले. पण खरं सांगू? चूक त्याची नव्हती, माझी होती. 'वर जा' म्हटले, पण किती वर? 'गोल फिर' म्हटले, पण केवढा गोल? मी स्वतः चित्र काढतो तेव्हा या प्रश्नांची उत्तरे हाताला आपोआप मिळतात. ती शब्दांत सांगायची वेळ आली तेव्हा मात्र माझे अगदी त-त-प-प झाले.

हाच खेळ एक चित्रकार चाळीस वर्षांहून अधिक काळ खेळला. फक्त त्याच्या समोर डोळे बांधलेला भाचा नव्हता, कॉम्प्युटर होता.

या चित्रकाराचे नाव हॅरॉल्ड कोहेन. जन्म १९२८ चा, लंडनमधला. तिथल्याच स्लेड या नामांकित कलाशाळेत ते शिकले. इटलीतल्या व्हेनिस शहरात दर दोन वर्षांनी कलेचे मोठे जागतिक प्रदर्शन भरते. १९६६ साली त्या प्रदर्शनात ब्रिटनने आपल्या निवडक तरुण कलावंतांना पाठवले, त्यांत कोहेन होते आणि त्यांचे धाकटे भाऊ बर्नार्डही होते. म्हणजे एकाच घरातले दोन भाऊ आणि दोघेही देशाचे प्रतिनिधी! क्रिकेटमध्ये असे घडले की आपण किती कौतुक करतो.

चित्रकाराला आणखी काय हवे असते? पण १९६८ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, कोहेन अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या शाखेत पाहुणे प्राध्यापक म्हणून गेले. तिथे जेफ रास्किन नावाच्या तरुणाने त्यांना कॉम्प्युटरला हुकूम कसे द्यायचे, म्हणजे प्रोग्रॅमिंग, ते शिकवले. (याच रास्किननी पुढे १९७९ मध्ये ॲपल कंपनीत मॅकिंटॉश संगणकाचे काम सुरू केले.) त्या काळचा कॉम्प्युटर म्हणजे तुमच्या टेबलावर मावणारी वस्तू नव्हती. कपाटांएवढी यंत्रे, माउसचा पत्ता नाही, आणि हुकूम द्यायचे ते बहुतेक ठिकाणी भोके पाडलेल्या कार्डांवरून. एक स्वल्पविराम चुकला की सगळे मुसळ केरात!

काही दिवस मौज म्हणून शिकायला घेतलेली ही गोष्ट. पण कोहेन तिच्यात असे गुंतले की पाहुणा म्हणून आलेला माणूस कॅलिफोर्नियातच राहिला आणि ब्रशापेक्षा की-बोर्डच त्यांच्या हाती जास्त दिसू लागला. त्यांच्या कितीतरी चित्रकार मित्रांना वाटले असेल, की चांगल्या चाललेल्या माणसाच्या डोक्यात हे काय भरले?

डोक्यात भरला होता एक प्रश्न. कागदावर आपण चार रेघा ओढतो. त्या रेघाच असतात. पण कधीकधी त्यांच्याकडे पाहून बघणारा म्हणतो, "अरे, हा तर मासा!" मग रेघा 'नुसत्या रेघा' कधी असतात आणि 'चित्र' कधी होतात? चित्र व्हायला कमीत कमी काय लागते?

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कोहेन पूर्व कॅलिफोर्नियातल्या चाल्फंट खोऱ्यात गेले. तिथल्या खडकांवर फार जुन्या काळच्या माणसांनी कोरलेल्या आकृत्या आहेत. वर्तुळे, नागमोडी रेषा, जाळ्या. कोरणाऱ्यांना त्यातून काय सांगायचे होते हे सांगणारे आज कुणी नाही. तरीसुद्धा त्या पाहिल्यावर यात काहीतरी अर्थ भरलेला आहे असे वाटल्याशिवाय राहत नाही. कोहेन थक्क झाले. आपल्याला कोरणाऱ्याची भाषा येत नाही, त्याचा देव माहीत नाही, त्याचे जगणे माहीत नाही, आणि तरी चित्र आपल्याशी बोलते! म्हणजे चित्र समजून घेण्याचे काही अगदी मुळातले नियम माणसाच्या आत असले पाहिजेत. ते नियम सापडले तर कॉम्प्युटरला शिकवता येतील का?

अशा रीतीने जन्म झाला तो 'ॲरन'चा. ॲरन हे कुणा माणसाचे नाव नाही बरं का. ते कोहेननी लिहिलेल्या प्रोग्रॅमचे नाव.

पहिल्या ॲरनला कोहेननी अगदी थोड्या गोष्टी शिकवल्या. बंद आकृती आणि उघडी आकृती यांत फरक असतो. बंद आकृतीला 'आत' आणि 'बाहेर' असते. कागदावर कुठे जागा रिकामी आहे आणि कुठे गर्दी झाली आहे याची आठवण ठेवायची. एका आकृतीवर दुसरी चढवायची नाही. बस्स. पुढचे पाऊल कोणते, हे ठरवताना नियमांत बसणाऱ्या दोन-चार वाटा असतील तर फासे टाकल्यासारखी त्यातली एक निवडायची. त्यामुळे एक चित्र कधीच दुसऱ्यासारखे होत नसे.

सगळ्यांत अवघड होती ती साधी रेघ. कॉम्प्युटरला गणिताने वर्तुळ काढायला सांगा, तो असे बिनचूक काढेल की बघणारा लगेच म्हणेल, 'हे यंत्राचे काम!' माणसाची रेघ तशी नसते. मग कोहेननी रेघेचे सूत्रच टाकून दिले. त्याऐवजी ॲरनला सांगितले की तुला अमुक ठिकाणी, अमुक दिशेने पोचायचे आहे. एक छोटे पाऊल टाक. जरा वाट चुकलास? सावर. पुन्हा पाऊल टाक. स्कूटर चालवताना बाबांचे हात बघा. सरळ रस्त्यावरसुद्धा हँडल एका जागी धरलेले नसते, ते सारखे थोडे इकडे, थोडे तिकडे होत असते. ॲरनची रेघ अशी 'चालवलेली' असे. म्हणून ती जरा थरथरे, जरा कलंडे आणि अगदी हाताने काढल्यासारखी दिसे.

लोकांनी ही चित्रे पाहिली आणि त्यांना त्यांत प्राणी दिसले, दगडगोटे दिसले. गंमत म्हणजे प्राणी म्हणजे काय, हे तेव्हा ॲरनला कुणी सांगितलेलेच नव्हते!

१९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयात ॲरनची चित्रे भरली, तेव्हा जमिनीवर अंथरलेल्या कागदावर एक चाकांचे यंत्र पेन घेऊन फिरत होते. त्याला म्हणायचे 'कासव'. तुमच्यापैकी कुणाच्या आई-बाबांनी शाळेत 'लोगो' शिकताना पडद्यावर कासव चालवले असेल, 'फॉरवर्ड ५०, राइट ९०' करत. विचारून पाहा. हे त्याचेच भाऊबंद, पण खरेखुरे, हात लावता येणारे. लोक कासवाभोवती गर्दी करत. पण चित्र सुचत होते ते कासवाला नव्हे, दूर बसलेल्या प्रोग्रॅमला. यंत्राच्या करामतीपुढे लोक चित्र बघायलाच विसरतात, ही खंत कोहेनना पुढेही बोचत राहिली.

आता या साऱ्यातली माझी सर्वांत आवडती गोष्ट. लहान मुले चित्र काढायला कशी शिकतात, हे कोहेन बघत असत. दोन वर्षांचे मूल नुसते गिरगोट्या काढते, हो ना? हात फिरवायचा, रेघा दाट करायच्या, बस. मग एक दिवस काहीतरी घडते. त्या गिरगोट्याला वेढून टाकणारी एक रेघ बाहेरून फिरते. झाले! गिरगोट्याला कड आली, आत आणि बाहेर आले, आणि मूल म्हणते, "हा भूभू." कोहेननी हीच युक्ती ॲरनला दिली. आधी मनातल्या मनात काड्यांचा किंवा रेघांचा एक गाभा मांडायचा, मग त्याच्यापासून थोडे अंतर राखत भोवताली रेघ फिरवायची. या एका नियमाने ॲरनची चित्रे एकदम बदलली. आकृत्यांना अंग आले.

तुम्हीही करून पाहा. फिकट पेन्सिलीने काड्यांचा एक प्राणी काढा. पाठीची काडी, पायांच्या चार, मानेची एक. मग काळे स्केचपेन घ्या आणि काड्यांना मुळीच न शिवता, सगळीकडे साधारण बोटभर अंतर ठेवून, एका दमात भोवती रेघ फिरवा. आता पेन्सिल खोडून टाका. घरात लहान भावंड असेल तर त्याच्या गिरगोट्याभोवतीही अशी रेघ फिरवून बघा. त्याची परवानगी मात्र आधी घ्या, नाहीतर रडारड होईल आणि नाव माझे निघेल.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर ॲरन झाडे आणि माणसे काढू लागला. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ॲरनला डोळे नव्हते. कॅमेरा नव्हता. त्याने जन्मात एकही झाड पाहिले नव्हते, एकही माणूस पाहिला नव्हता, आणि स्वतः काढलेले चित्रही पाहिले नव्हते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्यांना चटकन कळेल. ॲरनला वस्तुचित्राचा पेपर देताच आला नसता. तो आयुष्यभर फक्त स्मरणचित्र काढत आला, आणि स्मरणही त्याचे नव्हे, कोहेननी लिहून दिलेले.

काय लिहून दिले होते? माणसाला दोन हात, दोन पाय. हात खांद्यातून निघतो, कोपरात वाकतो, आणि तो कुठल्या बाजूला वाकतो. उभे राहायचे तर तोल सांभाळावा लागतो. झाडाला फांद्या कशा फुटतात, वर जाताना त्या बारीक कशा होतात, पाने किती दाट. आणि एक फार महत्त्वाचे, जे तुमच्या-माझ्या चित्रात नेहमी चुकते. पुढची वस्तू आधी काढायची आणि मागची नंतर. म्हणजे मागच्याचा झाकला गेलेला भाग काढायचाच नाही, खोडरबर लागतच नाही.

असे शिकून ॲरनने कसरतपटू काढले, उड्या मारणारे, चेंडू पेलणारे. पण ब्रिटनच्या एक मोठ्या विदुषी मार्गारेट बोडेन यांनी ॲरनची एक मर्यादा नेमकी दाखवून दिली. ॲरनला एक हात असलेला कसरतपटू काढता येत नसे! हात अंगामागे लपला असेल तर तो दाखवत नसे, ते ठीक. पण माणसाला एकच हात असू शकतो ही कल्पनाच त्याच्यापाशी नव्हती. नियमात लिहिले होते दोन, म्हणजे दोन. तुम्ही पहिलीत असताना तीन डोळ्यांचा राक्षस सहज काढला असेल. त्या बाबतीत तुम्ही ॲरनच्या पुढे होतात.

एवढे सगळे झाले तरी एक सल राहिला होता. चित्रे रेघांची होती. रंग भरायचे ते कोहेन स्वतः, ब्रश घेऊन. आणि प्रोग्रॅमला रंग भरता येऊ नयेत हे त्यांना सारखे खटकत होते. रंगांचे दुखणे असे, की माणूस रंग लावतो, मागे सरतो, डोळे बारीक करून बघतो, 'छे, जरा भडक झाला' म्हणतो आणि बदलतो. बिनडोळ्यांच्या ॲरनने हे कसे करायचे?

या एका गाठीशी कोहेन वर्षानुवर्षे झटले. शेवटी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती सुटली, आणि तीही उलट्या बाजूने. माणसासारखे रंग ॲरनला जमणार नाहीत, पण त्याच्याकडे असे काय आहे जे माणसाकडे नाही? स्मरणशक्ती! तुम्ही पाच रंग डोळे मिटून एकदम शेजारी-शेजारी मनात आणून बघा. जमत नाही. ॲरनला मात्र प्रत्येक रंग आकड्यांनी अचूक ठाऊक असे. शिवाय कोहेनच्या ध्यानात आले की चित्र उठून दिसते ते लाल की निळा यापेक्षा, फिकट की गडद यावर जास्त. चित्रातल्या वेगवेगळ्या भागांच्या उजळपणात पुरेसा फरक राखला की रंग कोणतेही असोत, चित्र सांभाळले जाते. पटत नसेल तर आपल्या रंगीत चित्राची काळी-पांढरी झेरॉक्स काढा, नाहीतर मोबाइलवर काळा-पांढरा फोटो. त्यात झाड कुठे आणि आभाळ कुठे ते कळले तर तुम्ही जिंकलात. सगळा राखाडी चिखल दिसला तर रंगाची पेटी कितीही महाग असो, उपयोग नाही.

१९९५ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनच्या कॉम्प्युटर म्युझियममध्ये लोकांनी ॲरनला रंग भरताना पाहिले. टेबलावर यांत्रिक हात. तो बाटल्यांतून रंग घेई, कपात मिसळी, लहानमोठे ब्रश निवडी, माणसांची आणि कुंड्यांतल्या झाडांची चित्रे रंगवी आणि काम झाले की भांडी स्वतः धुऊन ठेवी. (ही शेवटची ओळ मी आमच्या घरी मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवली. काही परिणाम झाला नाही.) पण पुन्हा तेच! लोक हात बघत राहिले. कोहेननी हळूहळू असली यंत्रे बाजूला ठेवली आणि ॲरन पडद्यावर व कागदावर थेट छापलेली चित्रे काढू लागला. २००१ मध्ये तर घरोघरच्या संगणकांवर चालेल असा एक ॲरनही निघाला. काम थांबवून चहाला गेलात की पडद्यावर नवे चित्र तयार.

मग हे चित्र काढले कुणी? ॲरनने की कोहेननी?

आमच्या घरी यावर जेवताना भांडण झाले. भाचा म्हणाला, "कोहेननीच. नियम त्यांचे." भाची म्हणाली, "पण ते झोपलेले असताना ॲरन चित्रं काढायचा. सकाळी उठून त्यांना कळायचं काय काढलंय ते. मग त्यांचं कसं?" दोघांचेही खरे आहे. शेवटच्या वर्षांत ॲरन रात्रभर चित्रे काढी, आणि सकाळी कोहेन त्यातली मोजकीच निवडून ठेवत. निवडणारा माणूसच होता. ॲरन स्वतःचा एकही नियम बदलू शकत नसे, आपले चित्र बरे की वाईट हे त्याला कळत नसे. पण असेही नाही की तो नुसता ब्रश होता. ब्रश आपल्याला न विचारता चित्र संपवत नाही. कोहेन ॲरनला आपला सहकारी म्हणत.

२०२२ पासून एक ओळ लिहिली की चित्र काढून देणारे प्रोग्रॅम सर्वांच्या हाती आले. तुमच्यापैकी अनेकांनी ते वापरले असतील. ॲरनला त्यांचा आजोबा म्हणायचा मोह होतो, पण घराणे अगदी वेगळे आहे. या नव्या प्रोग्रॅमना लोकांनी काढलेली कोट्यवधी चित्रे आणि फोटो दाखवून तयार केले आहे. 'आम्हाला न विचारता आमची चित्रे का घेतली?' म्हणून काही चित्रकार कोर्टातही गेले आहेत. ॲरनला कुणाचेही एकसुद्धा चित्र दाखवलेले नव्हते. त्याला जे काही येत होते ते एका माणसाने स्वतः समजून घेऊन, एकेक ओळ करून, हाताने लिहिलेले होते. पान कसे फुटते हे ॲरनला सांगायचे तर आधी कोहेनना कुंडीसमोर बसून ते बघावे लागे. माझे मत विचाराल तर नव्या प्रोग्रॅमच्या चकचकीत चित्रांपेक्षा ॲरनची ती वाकड्या पानांची कुंडी मला जास्त आवडते. तुम्हाला आवडलीच पाहिजे असे नाही.

वय झाले तसे कोहेन पुन्हा हाताने रंगवू लागले. ॲरनने रेघा काढायच्या आणि कोहेननी मोठ्या पडद्यावर बोटाने त्यांत रंग भरायचे. मुलाला रंग शिकवून झाल्यावर बापाने पुन्हा त्याच्या शेजारी पाटी घेऊन बसावे, तसे. २७ एप्रिल २०१६ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले.

कोहेन एक विनोद करत असत. म्हणत, मेल्यानंतर नव्या चित्रांचे प्रदर्शन भरवणारा जगातला पहिला चित्रकार मीच असेन.

२०२४ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात ॲरनचे प्रदर्शन उघडले. भिंतींवर जुनी चित्रे होती. आणि त्यांच्याच सोबतीला ॲरनचा प्रोग्रॅम पुन्हा सुरू केलेला होता. एका यंत्रात पेन बसवलेले होते, खाली कोरा कागद. लोक उभे राहून बघत होते आणि पेन चालले होते. जरा थरथरत, जरा कलंडत, कोहेन जाऊन आठ वर्षे होत आली असताना.